तुकोबांना कॅथेड्रलात कोंडू नका

गोव्यातल्या घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांनी अलीकडे एक नवा संप्रदाय काढला आहे. त्याला मी एको संप्रदाय म्हणतो. या संप्रदायात अभंग कोणाचा, चाल कोणाची, पखवाजावर कोण बसले आहे हे सगळे प्रश्न दुय्यम. मुख्य प्रश्न एकच, एको किती? बुवांनी पहिला आलाप घेतला रे घेतला की मागून कोणीतरी ओरडणारच, ‘मातसो एको वाडय रे!’ आणि तो वाढतो. इतका वाढतो की बुवा म्हापशात गात आहेत आणि त्यांचा आवाज पेडण्याहून येतो आहे असे वाटावे.

चवथीच्या आधी आणि सप्ताहाच्या दिवसांत माझ्या फोनवर अशी दहाबारा रेकॉर्डिंगे तरी येऊन पडतात. सोबत नम्र ओळ असते, ‘घरच्या स्टुडिओत केले आहे, अभिप्राय कळवा.’ मी कळवतो. त्यामुळे पुढच्या वर्षी त्या मंडळाचे रेकॉर्डिंग येत नाही. असो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. घरी भजन, नाट्यगीत किंवा घुमट-आरती रेकॉर्ड करणाऱ्याला इफेक्टची एकच डबी पुरते. पैसे नाहीत म्हणून कशीबशी भागते असे नव्हे, एकच असावी हेच बरोबर. आणि ती गाण्याच्या शेजारी बसवायची असते, गाण्याच्या तोंडावर नव्हे. डबी मिक्सरच्या पोटातली असो, कोणाकडून जुनी विकत घेतलेली वेगळी पेटी असो, की कॉम्प्युटरवरचे फुकट मिळालेले प्लगइन असो. मुद्दा तिच्या किमतीचा नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे सगळ्यालाच ‘एको’ म्हणतात. डोंगरासमोर हाक मारली की तीच हाक थोड्या वेळाने सुटी ऐकू येते, तो खरा एको. देवळात घंटा वाजवली की ती थांबल्यावरही मंडपात काहीतरी रेंगाळते, त्यात सुटे असे काही ऐकू येत नाही, तो रिव्हर्ब. भिंत, खांब, छत, जमीन यांवर आपटून परतलेले हजारो प्रतिध्वनी एकमेकांत मिसळले की तो होतो. मूळ आवाज थांबल्यापासून हा निनाद साठ डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात दहा लाखांश, खाली यायला जितके सेकंद लागतात त्याला रिव्हर्बचा काळ म्हणतात. हे माप आपल्याला वॉलेस सॅबिन नावाच्या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकामुळे मिळाले. तिथल्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळत नाही अशी तक्रार होती, आणि १८९५ साली ते काम त्याच्याकडे आले. हा गृहस्थ रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून निनाद किती वेळ टिकतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. कुठल्याही खात्याने अशी गाद्यांची ने-आण मंजूर केली नसती.

आता यादी बघा. कुठल्याही डबीवर तयार नावे असतात. रूम, प्लेट, हॉल, लार्ज हॉल, कॅथेड्रल. आपले लोक वरून वाचत येतात आणि शेवटच्या नावावर थांबतात, कारण ते सर्वांत मोठे. म्हणजे तुकोबांचा अभंग, बाराव्या-तेराव्या वर्षापासून पेटी वाजवणारे बुवा, गावातल्याच माणसाने मढवलेला पखवाज, आणि हे सगळे गात आहेत कुठे, तर कॅथेड्रलमध्ये!

चर्चच्या निनादाला मी नावे ठेवत नाही, हे इथेच स्पष्ट करतो. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल जवळजवळ ७६ मीटर लांब आहे. अशा मोठ्या दगडी वास्तूत निनाद चार-पाच सेकंद सहज टिकतो, आणि तिथले संगीत त्या निनादाला धरूनच घडले आहे. संथ, लांबवलेले सूर, एकावर एक रचलेले. मागचा सूर पुढच्यात मिसळला तर तिथे ते शोभते, कारण निरनिराळे सूर एकत्र वाजणे हीच त्या संगीताची रीत. आपली रीत तशी नाही. आपल्याकडे एका वेळी एकच स्वर, आणि त्याचे सारे सौंदर्य एका स्वरावरून दुसऱ्यावर तो कसा जातो यात. भैरवीत बुवा कोमल ऋषभावरून षड्जावर अलगद उतरतात. चार सेकंदांच्या निनादात तो ऋषभ षड्जाखाली लोंबकळतच राहतो. दोन्ही एकमेकांवर घासतात. रागाने कधी न मागितलेला एक बेसूर जोडस्वर तयार होतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘आवाज किती भरदार!’ मींड गेली, मुरकी गेली, हरकत गेली. उरले काय? धुके.

शिवाय आपल्या पूर्वजांनी निनादाची सोय आधीच करून ठेवलेली आहे. तिचे नाव तानपुरा. तारेखालच्या घोडीवर जवारीचा दोरा बसवला की तार नुसती वाजत नाही, वरच्या सुरांची पूर्ण चादर पसरते आणि गायकाचा आवाज थांबला तरी मागची पोकळी भरलेली राहते. गाण्याला टेकायला जागा हवी असते, हे त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी जागा दिली ती षड्ज-पंचमाची, गायकाच्याच मागच्या स्वरांची नव्हे. तानपुऱ्याला वरून रिव्हर्ब लावणाऱ्या माणसाविषयी काय बोलावे? सोलकढीत वरून पाणी ओतणारा माणूस आणि तो एकाच पंगतीला बसवावेत.

घुमटाचे तर याहून वाईट. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा-वाद्याचा दर्जा दिला, छान झाले. पण घुमट म्हणजे काय? मातीचे भांडे. एका तोंडावर चामडे, दुसरे तोंड उघडे, आणि त्या उघड्या तोंडावर वाजवणाऱ्याचा दुसरा हात. तो हात उघडतो-मिटतो तसा भांड्यातल्या हवेचा घुमारा बदलतो. म्हणजे हे वाद्य स्वतःच एक खोली आहे, आणि तिचे दार वाजवणाऱ्याच्या तळहातात आहे. त्या उघडझापीवर लार्ज हॉल ओतला की दार उघडे की बंद हे कळायचे कुठून? सुंवारीचे रेकॉर्डिंग ऐकताना पाच घुमट वाजत आहेत की गोदामात पिंपे लोळत आहेत असा प्रश्न पडू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. प्रश्न त्याहून गंभीर आहे, तो सांगतो. फोंडा तालुक्यातल्या एका मंडळाने आपल्या वृद्ध बुवांचे दोन संध्याकाळी रेकॉर्डिंग केले. बुवांकडे जुन्या चाली होत्या, गुरूकडून कानोकान आलेल्या, वहीत फक्त शब्द. हेतू अत्यंत चांगला. पण मिक्सरवर एको चढवून, तो मिसळलेल्या अवस्थेतच डाव्या-उजव्या अशा दोन ट्रॅकवर उतरवला. सुटा आवाज कुठेच ठेवला नाही. वर्षभरात बुवा गेले. आता शिष्यांना त्या चाली बसवायच्या आहेत आणि तिसऱ्या अंतऱ्यात बुवा नेमके कुठून वळतात ते ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे आले ते एका विनंतीसह, ‘एवढा एको काढून द्या.’

एको काढता येत नाही, मित्रहो. भातात मीठ जास्त झाले तर काढता येते का? हल्ली निनाद कमी करणारी हुशार सॉफ्टवेअर निघाली आहेत. ती बऱ्यापैकी काम करतात, विशेषतः बोलण्याच्या आवाजावर. मी लावून पाहिले. निनाद बराच गेला, पण त्याबरोबर आवाजाची शेपटेही गेली, ‘स’ आणि ‘श’ भलतीकडे गेले, आणि वळणाच्या जागी यंत्राने आपल्या अंदाजाने काहीतरी भरले. ते गुळगुळीत आहे. ते बुवांचे आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि शिष्यांनी ते बुवांचे म्हणून शिकावे हे मला पटत नाही.

अशी किती मंडळे असतील? सत्तरी-ऐंशीतले किती बुवा आज गात असतील? आपल्या भजनी चालींपैकी फारच थोड्या स्वरलिपीत उतरल्या आहेत. ज्या उतरणार आहेत त्या आता अशाच, कोणाच्या तरी घरातल्या खोलीत, कोणाच्या तरी पुतण्याच्या मिक्सरवर. म्हणून त्या पुतण्याशी मला भांडायचे आहे. प्रेमाने, पण भांडायचे आहे.

त्याला पहिली गोष्ट सांगायची ती जोडणीची. मी सरकारी कारकून, कला शाखेचा पदवीधर. विजेचे गणित मला येत नाही, पण फाइल कशी फिरते ते येते, आणि ही गोष्ट नेमकी फाइलीसारखी आहे. डबी जोडण्याच्या दोन पद्धती. एकीत मूळ कागदच डबीत जातो आणि शेरे मारून, शिक्के उमटून बाहेर येतो. मूळ कागद कोरा असा पुन्हा कोणालाही दिसत नाही. दुसरीत मूळ कागद टेबलावरच राहतो, त्याची एक प्रत दुसऱ्या खात्याकडे जाते, आणि ते खाते आपले मत वेगळ्या कागदावर पाठवते. मत पटले तर जोडायचे, नाही तर बाजूला ठेवायचे. मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला ‘ऑक्स’ किंवा ‘इफेक्ट सेंड’ नावाची खुंटी असते ती या प्रतीसाठी. डबीतून परत येणारा आवाज एका मोकळ्या चॅनेलवर घ्यायचा. डबीवरची मिश्रणाची खुंटी पूर्ण ओल्या बाजूला, म्हणजे तिच्यातून फक्त निनाद यावा, मूळ आवाज नव्हे. आणि ज्या चॅनेलवर निनाद परत येतो त्या चॅनेलची सेंडची खुंटी शून्यावरच ठेवायची, नाही तर निनाद पुन्हा डबीत जाऊन फेऱ्या मारत बसतो आणि शेवटी शिट्टी वाजते. रेकॉर्डिंगमध्ये मात्र प्रत्येक आवाज सुका उतरवायचा. आपल्या गोंयकारांना सुक्याचे महत्त्व कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात तेच टिकते.

या जोडणीत ‘एकच डबी’ हा मुद्दा आपोआप उलगडतो. बुवांचा आवाज, साथीदारांचा कोरस, पेटी, पखवाज हे सगळे एकाच डबीत आपापली प्रत पाठवतात, फक्त कमीअधिक. ज्याची प्रत मोठी तो मागे बसलेला वाटतो, ज्याची लहान तो पुढे. म्हणजे एका खुंटीने आपण माणसे मंडपात बसवत जातो. मंडप एकच आहे म्हणूनच ते पुढे-मागे खरे वाटते. आता पेटीला एक प्लगइन, आवाजाला दुसरे, कोरसला तिसरे आणि टाळाला चौथे असे लावणारे महाभाग आहेत. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवा कॅथेड्रलमध्ये, पेटी न्हाणीघरात आणि कोरस रेल्वेच्या बोगद्यात. हे मंडळ एकमेकांना कधी भेटले असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

एकाच साधनावर भागवणे म्हणजे मागासलेपण असे ज्यांना वाटते त्यांनी थोडा इतिहास पाहावा. शिकागोत बिल पुटनम या रेकॉर्डिंगवाल्याने १९४७ मध्ये हार्मोनिका वाजवणाऱ्या त्रिकुटाच्या गाण्याला निनाद दिला तो स्टुडिओच्या न्हाणीघरात स्पीकर आणि माइक ठेवून, आणि ती तबकडी अमेरिकेत तुफान गाजली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने साध्या राहत्या घराचा स्टुडिओ केला आणि पोटमाळ्याची निनादखोली केली. तो पोटमाळा त्या गाण्यांची ओळख होऊन बसला. १९५७ मध्ये जर्मनीच्या ई.एम.टी. कंपनीने पोलादी पत्र्याचा रिव्हर्ब काढला, वजन सुमारे २७० किलो. तो घेतल्यावर दुसरा ठेवायला जागा कोणाकडे होती? आपल्या डबीवर ‘प्लेट’ म्हणून जे नाव असते ते या पत्र्याचे. जेवणाच्या ताटाशी त्याचा संबंध नाही.

आणि घरगुती रेकॉर्डिंगचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्याने चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, साध्या दोन माइकांनी, गाणी उतरवली. ती मिसळताना इफेक्ट एकच, जुना टेपवर चालणारा एकोप्लेक्स. उतरवली ती साध्या रेडिओ-कॅसेटच्या यंत्रावर. पुढे पूर्ण वाद्यवृंद घेऊन स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण ती बाजूला ठेवून ‘नेब्रास्का’ या नावाने त्या वर्षी प्रसिद्ध झाले ते घरातल्या कॅसेटवरचेच. त्यात एको भरपूर आहे, हे माझ्या विरोधकांनी सांगण्याआधी मीच सांगतो. पण तो सगळीकडे तोच आहे. सगळी गाणी एकाच रात्रीची, एकाच रस्त्यावरची वाटतात. आणि तो एको त्या एकाकी गाण्यांना शोभतो. पंचवीस माणसांच्या भजनाला शोभेलच असे नाही.

मग आपला मंडप कसा? गोव्यातल्या कित्येक देवळांचे सभामंडप कौलारू, बाजूंनी बरेच उघडे, आत माणसे बसलेली. कौलांच्या फटी, उघड्या बाजू आणि माणसांचे कपडे निनाद खाऊन टाकतात. अशा मंडपात आवाज घुमतो, पण लोंबकळत नाही. माझ्या कानाला घरच्या डबीवर तो एक ते सव्वा सेकंदात सापडतो, ‘रूम’ किंवा लहान ‘हॉल’ घेऊन. त्यापुढची खुंटी ‘प्री-डिले’ची, जिला कोणी हातच लावत नाही आणि जी सर्वांत महत्त्वाची. मूळ आवाज आणि निनादाची सुरुवात यांत किती अंतर ठेवायचे ते ही खुंटी ठरवते. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे २५ मिलिसेकंदांत साडेआठ मीटर. समोरच्या भिंतीवर जाऊन परत येण्याइतका मंडप झाला. एवढी उसंत दिली की शब्दाचे पहिले व्यंजन स्वच्छ बाहेर पडते आणि मग मागून मंडप बोलतो. ही खुंटी शून्यावर ठेवली की व्यंजन निनादात बुडते. अभंगात शब्दच बुडाले तर गायचे कशाला? नुसता आकार लावावा.

परत येणाऱ्या चॅनेलवर खालचा आवाज साधारण ३०० हर्ट्झच्या खाली कापायचा, म्हणजे डग्गा आणि पखवाजाची धूम गढूळ होत नाही, आणि वरचा पाच-सहा हजारांच्या वर, म्हणजे टाळांची किणकिण सर्वत्र सांडत नाही. टाळाची प्रत डबीत पाठवायचीच नाही हे उत्तम. माइकात शेजाऱ्यांकडून जेवढी येते तेवढी पुरे. पखवाजाची नावापुरती. पेटीची थोडी. बुवांची त्याहून किंचित जास्त, कोरसची सर्वांत जास्त, कारण तो मागे बसतो.

आणि लय! मिनिटाला १२० मात्रा चालल्या असतील तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. भजनी ठेका आठ मात्रांचा, तेव्हा सव्वा सेकंदाचा निनाद अडीच मात्रा रेंगाळतो, पण त्याचा ऐकू येण्याजोगा भाग पहिल्या मात्रेतच ओसरतो. चालते. तेच गजराच्या टोकाला २०० मात्रा झाल्या की एक मात्रा उरली ३०० मिलिसेकंदांची. आता तोच निनाद चार मात्रांवर पसरला. म्हणून लय वाढेल तसतशी सेंडची खुंटी हाताने कमी करत यायची, आणि शेवटच्या लांबवलेल्या हाकेवर, सगळी वाद्ये थांबताना, थोडी उघडायची. हे शंभर प्लगइनवाल्याला जमत नाही, कारण त्याचे दोन हात शंभर खुंट्यांना पुरत नाहीत. एका डबीवाला ती खुंटी वाजवतो. बुवांकडे बघत, मान डोलावत वाजवतो. पखवाजी जसा बुवांच्या तोंडाकडे बघतो तसा. किती ठेवायची याची परीक्षा सोपी आहे. गाणे चालू असताना परतीचे चॅनेल बंद करून पाहा. बंद केल्यावर काहीतरी गेले असे वाटले आणि चालू असताना ते काय आहे याकडे लक्ष गेले नाही, तर बरोबर.

डबीच्या आधी खोली. घर कौलारू आणि सामानाने भरलेले असेल तर काही करावे लागत नाही, फक्त मृगाच्या पहिल्या सरीपासून दसऱ्यापर्यंत पाऊस आणि बेडूक यांच्याशी तडजोड करावी लागते. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये मात्र रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. समोरासमोरच्या भिंतींत ती टर्र्र करून नाचते. ती टर्र सुक्या ट्रॅकवरही उतरते आणि मग डबीतला मंडप तिच्यावर चढतो. एका खोलीत दोन खोल्या. तेव्हा सॅबिनसाहेबांचे स्मरण करून गाद्या भिंतीला उभ्या करायच्या, गोधड्या दोरीवर टाकायच्या. पंखा बंद. घाम येतो, मान्य. त्या घामापेक्षा पंख्याची घरघर मंडपभर पसरलेली ऐकणे जास्त त्रासाचे.

आता हरकती. ‘लोकांना एको आवडतो.’ आवडतो, कारण जत्रेतल्या कर्ण्यांनी पन्नास वर्षे दुसरे काही ऐकवलेच नाही. याच लोकांचे आजोबा केसरबाई केरकरांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकत होते. त्यांवर डबीतला एको नाही. फोंड्याजवळच्या केरी गावच्या या बाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, तीही कोणी लार्ज हॉल लावल्यामुळे नव्हे. ‘स्पर्धेत दुसऱ्या मंडळाचा आवाज आमच्यापेक्षा मोठा वाटतो.’ तर मग तालीम वाढवा. ‘एको नसेल तर चुका उघड्या पडतात.’ ही मात्र खरी गोष्ट, आणि ती कोणीतरी प्रामाणिकपणे बोलला याचा मला आनंद आहे. चुका उघड्या पडल्यावर त्या सुधारायला घरच्या रेकॉर्डिंगइतकी चांगली सोय नाही. ना भाड्याचा तास सरत, ना कोणी घड्याळ दाखवत. अजून एकदा गा.

राहिली एक हरकत, तिच्यात तथ्य आहे. सुका आवाज कानात आला की बुवांचा सूर लागत नाही. आयुष्यभर मंडपात गायलेल्या माणसाला हेडफोनमध्ये आपलाच उघडा आवाज ऐकून कसेनुसे होते, आवाज आवळतो. यासाठीच तर ती वेगळी प्रत. डबीतून परतणारे चॅनेल हेडफोनकडे वळवा, रेकॉर्डिंगकडे नको. सुक्या फाइलीच्या नावातच ‘सुके’ लिहा, बुवांचे नाव, गाव, तारीख लिहा, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. मिसळलेली वेगळी. मग बुवांच्या कानात त्यांना हवा तेवढा एको सोडा. तिथे कॅथेड्रल लावलेत तरी माझी हरकत नाही.